मास्तरांचा उसव्या

मास्तरांचे कान अजून तिखट होते आणि सगळं दुखणं तिथंच होतं.

साठी उलटली की माणसाला जरा कमी ऐकू यायला लागतं आणि घराला शांतता मिळते. मास्तरांच्या घराला ती मिळाली नाही. ते राहायचे वरच्या मजल्यावर. खाली त्यांच्याच मालकीचं दुकान होतं आणि त्यात आता दुसऱ्याचं शिलाई मशीन चालायचं. फरशीतून आवाज वर यायचा. मशीन सरळ, लांब पळालं की मास्तर पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "पँटची उंची." अडखळत चाललं की, "कंबर आत घेतोय." आणि मशीन थांबून नुसतं हसणं वर आलं की ते काहीच म्हणायचे नाहीत. पेपराचं पान मात्र फाडल्यासारखं उलटायचे.

त्यांची स्वतःची उभी हयात त्या दुकानात गेली होती. कोट शिवावा तर मास्तरांनी, असं आसपासच्या चार गल्ल्यांत म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. स्वभाव तेवढा तिरसट. गिऱ्हाईक म्हणालं, "जरा सैल ठेवा," तर हे म्हणणार, "मग पोतं घ्या, शिलाई वाचेल." पण कात्री चालायला लागली की समोरचा अपमान विसरायचा. मास्तरांची एक खोड होती. शिवणीच्या आत जादा कापड सोडतात, त्याला शिंपी माया म्हणतात. बाकीचे बोटभर सोडायचे, हे चांगली तीन बोटं सोडायचे. गिऱ्हाईक कुरकुरायचं की मास्तर कापड खातात. मास्तर सांगायचे, "माणूस वाढतो. कापड वाढत नाही."

मग तयार कपड्यांचा जमाना आला. गिऱ्हाइकं पाठ फिरवायला लागली. वर आणखी कहर म्हणजे बाजारातून घेतलेल्या पँटी घेऊन यायची आणि म्हणायची, मास्तर, एवढी उंची कमी करून द्या. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "मी शिवतो. दुसऱ्याने शिवलेलं उसवत बसत नाही," असं म्हणून त्यांनी एकेकाला पायरीवरूनच परत पाठवलं. परत पाठवायलाही कुणी येईना झालं, तेव्हा त्यांनी शटर खाली ओढलं आणि सगळ्यांना सांगितलं की आता कंटाळा आला.

रिकामं दुकान भाड्याने मागायला जो आला, तो चाळिशीचा, गोलमटोल, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणाऱ्यातला माणूस होता. नवीन काही शिवत नाही म्हणाला. तयार कपडे अंगाबरोबर करून देतो. उंची, कंबर, बाह्या. मास्तरांनी त्याला आपादमस्तक पाहिलं आणि मनातल्या मनात त्याचं नाव ठेवलं, उसव्या. हा काय टिकतोय? चार महिन्यांत गाशा गुंडाळील आणि मग आपण म्हणू, बघा, या जागेत मी होतो म्हणून चाललं. या हिशेबाने त्यांनी भाडं कमी सांगितलं, करारही ऐटीत लांबलचक केला. भिंतीवरचा माणूसभर उंचीचा आरसासुद्धा तसाच वापरायला ठेवला. उदारपणा म्हणून नव्हे. जाईल तेव्हा आहे तिथंच राहील म्हणून.

उसव्या गेला नाही. उसव्याचं चाललं. असं चाललं की शनिवारी लोक बाहेर फुटपाथवर पिशव्या धरून उभे राहायचे. जे तयार कपडे मास्तरांना बुडवून गेले, त्यांच्याच जिवावर हा माणूस मास्तरांच्याच दुकानात, त्यांच्याच आरशासमोर उभा राहून पोट भरत होता. मास्तरांना त्याचा हेवा वाटत होता. दुसरा शब्द नाही. ते त्याला शिस्त, स्वच्छता, जागेची काळजी अशी नावं द्यायचे, पण होता तो हेवाच.

त्यात घरातूनच फितुरी झाली. मास्तरांचं दुकान होतं तेव्हा काजं-बटणं आणि हातची तुरपाई बायको करायची. दुकान बंद झालं तशी तिच्या हातांना काम उरलं नाही. एकदा ती खाली बटण आणायला गेली आणि येताना उसव्याकडची तुरपाई घेऊन आली. मग रोजच आणू लागली. खिडकीत बसून दोरा ओवायची आणि गुणगुणायची.

"इतकी वर्षं माझी काजं केलीस," मास्तर एकदा म्हणाले, "तेव्हा कधी तोंडातून सूर निघाला नाही."

"तेव्हा तुम्ही शेजारी बसून टाके मोजायचात," बायको म्हणाली आणि पुढचा पाय दुमडायला घेतला.

पण काडी पडली ती डॉक्टरांमुळे. दातांचे डॉक्टर मास्तरांचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक. हसायला लागले की रस्त्यापलीकडे ऐकू जायचं. एका दुपारी मास्तर आरामखुर्चीत पडले होते आणि फरशीखालून ते हसणं आलं. मागोमाग शब्दही आले. "लेकीचं लग्न काढलंय. तोच निळा कोट घालणार, पण पोट ऐकत नाही. बघ काही जमतं का. घाई नाही, लग्नाला वेळ आहे."

निळा कोट. मास्तर उठून बसले. त्या कोटाचं कापड त्यांनी स्वतः निवडलं होतं, त्याची कॉलर तीनदा उसवून बसवली होती. आणि डॉक्टर तो कोट घेऊन खाली गेले. जिना चढून वर आले नाहीत. आपणच गावभर सांगून ठेवलंय की मी सुईला हात लावत नाही, हे त्या वेळी मास्तरांच्या डोक्यात आलं नाही. जळणाऱ्याला धूर दिसत नाही, फक्त डोळे चुरचुरतात.

दिवे लागायच्या आत ते खाली उतरले. उसव्या एकटाच होता, समोर काहीतरी उलगडून बसला होता. मास्तरांना पाहून तो लगबगीने उठला. "बरं झालं आलात मास्तर, मी आत्ता वरच—"

"पुढच्या महिन्यापासून भाडं दुप्पट," मास्तर म्हणाले.

उसव्याने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "दुप्पट? अहो, आपला करार आहे की. अजून मुदत बाकी आहे."

"करार मी केला. मला वाचून दाखवू नकोस."

"वाढवायचंच असेल तर थोडंफार वाढवू. मी कधी नाही म्हणालो का? पण एकदम दुप्पट म्हणजे..."

"परवडत नसेल तर जागा मोकळी कर," मास्तर म्हणाले आणि आले तसे वर गेले. जिन्यात त्यांना फार हलकं वाटलं. वर पोचेपर्यंत ते वाटणं संपलंही.

मग दोन महिने भांडण चाललं. उसव्याने भाडं नेहमीचं आणून दिलं, मास्तरांनी ते घेतलं नाही. मास्तरांनी जिन्याखालच्या संडासाला नवं कुलूप घातलं. उसव्या शेजारच्या सायकलवाल्याकडे जायला लागला. मास्तरांनी नळाचं पाणी वरून बंद केलं, तर बायकोने कळशी भरून खाली नेली. नेताना मुद्दाम पावलं वाजवत गेली.

शेवटी मास्तरांनी मेहुण्याला बोलावलं. बायकोचा धाकटा भाऊ वकिलाच्या कचेरीत कारकून होता आणि कोर्टाची भाषा त्याला वकिलापेक्षा जास्त आवडायची. त्याने नोटीस लिहायला कागद आणला होता, पण आधी समोरासमोर बसून बोलू म्हणाला. उसव्या वर आला. चहा झाला. उसव्याने कप बशीत ठेवला आणि शांतपणे सांगितलं, "मास्तर, भाड्याच्या पाचव्या हिश्श्याएवढी वाढ मी आजपासून देतो. पुढच्या वर्षी परत बसू. पाणी आणि कुलूप तेवढं सोडा."

मेहुण्याने मास्तरांकडे पाहिलं. "दाजी, सरळ बोलतो. कोर्टात गेलात तर करार त्याच्या बाजूने आहे. आणि हा आपणहून वाढवून देतोय. घ्या."

"दुप्पट," मास्तर म्हणाले.

"पण का?"

"जागा माझी आहे."

बायको दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. ती म्हणाली, "अहो, तुम्हाला भाडं हवंय की त्याचं गिऱ्हाईक?"

मेहुणा कागदाची घडी घालायला लागला, उसव्याने मान खाली घातली. मास्तरांचे कान लाल झाले. भावासमोर, भाडेकरूसमोर बायकोने नेमकं दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं होतं, आणि आता माघार घेणं म्हणजे ती खरं बोलली असं कबूल करणं. सुंभ जळाला असता तरी तो पीळ गेला नसता.

"आरसा," मास्तर म्हणाले. "खालचा आरसा माझा आहे. करारात नाही. तो मी आज काढून घेणार."

"दाजी, आरशाचं कुठं मध्येच..."

पण मास्तर उठून खाली गेलेच. मदत कुणाची घेतली नाही, उसव्याने हात पुढे केला तर झिडकारला. माणसाएवढा आरसा छातीशी कवटाळून ते एकटे जिना चढायला लागले. समोर आरसा असल्यामुळे पायरी दिसेना. वळणावर कोपरा कठड्याला लागला आणि असा आवाज झाला की सायकलवालासुद्धा धावत आला. आरसा खालपासून वरपर्यंत तडकला होता. मास्तरांनी तो तसाच वर नेला आणि कपाटामागे तोंड भिंतीकडे करून ठेवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

त्या महिन्याच्या अखेरीस उसव्याने जागा सोडली. भांडला नाही. करार हातात असताना सोडली, याचं मास्तरांना जरा विचित्र वाटलं, पण जिंकलेल्या माणसाने विचार करायचा नसतो. किल्ली द्यायला उसव्या वर आला तेव्हा मास्तरांनी ती टेबलावर ठेवायला सांगितली. दुकान झाडून पुसून ठेवलेलं होतं. गळणाऱ्या नळाला नवा वॉशर होता.

दुसऱ्याच दिवशी मास्तरांनी आपलं जुनं मशीन खाली नेलं, तेल घातलं, कटिंगचं टेबल पुसलं, गळ्यात टेप अडकवला आणि शटर वर केलं. बघा म्हणावं आता. गिऱ्हाइकं आली. पहिला माणूस पिशवी घेऊन आत डोकावला. "ते कुठे गेले हो?" दुसरी बाई पायरी न चढताच म्हणाली, "अगंबाई, हलले वाटतं." तिसऱ्याने निदान पँट बाहेर काढली. "एवढी उंची..." मास्तरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पँट परत पिशवीत घातली.

आणि मग एका सकाळी समोरच्या बाजूचं, वह्या-पेनांचं दुकान होतं ना, बरेच दिवस बंद पडलेलं, त्याचं शटर वर गेलं. आत नवे दिवे. भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत आरसा. आणि आरशासमोर, चष्मा कपाळावर ठेवून इकडेतिकडे चाचपडत, उसव्या.

मास्तर जागच्या जागी थिजले. आजवर हा माणूस पायाखाली होता, दिसत तरी नव्हता. मशीनचा आवाज तेवढा यायचा, आणि कानात बोटं घालता येतात. आता कटिंगच्या टेबलामागे उभं राहिलं की नाकासमोर दुसरं काही नव्हतंच. किती पिशव्या आल्या, कोण बसलं, कोण हसलं, सगळं दिसत होतं. आपल्या पायावर कुऱ्हाड मारून घेतात हे मास्तरांनी ऐकलं होतं, पण मारून झाल्यावर रोज सकाळी नऊला ती बघत उभं राहावं लागतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

बायको पहिल्याच दिवशी रस्ता ओलांडून गेली. घरी आणून तुरपाई करणं तिने बंद केलं. तिकडेच दाराजवळ स्टूल टाकून बसायला लागली. उजेड चांगला आहे म्हणे.

मेहुण्याने येऊन शेवटचं मीठ चोळलं. "दाजी, त्या जागेचं भाडं माहितीय का? तुम्ही मागत होतात तेवढंच. बरोबर दुप्पट. आणि हा हूं की चूं न करता देतो."

हे मात्र मास्तरांना सोसवेना. म्हणजे पैसे होते! परवडत होतं! समोरच्याला द्यायला आहेत आणि मला द्यायला नव्हते! त्यांना जेवण जाईना. बायकोला विचारणं शक्य नव्हतं, उसव्याला विचारणं त्याहून नाही. ते नुसते चडफडत बसले.

म्हणून उसव्या स्वतःहून रस्ता ओलांडून आला, हातावर निळा कोट आडवा घेऊन, तेव्हा मास्तरांनी त्याला या-बस केलं नाही. कोट पाहिला आणि तरी पहिला प्रश्न तोच विचारला. "तिकडे दुप्पट भरतोस म्हणे. मग मला द्यायला काय धाड भरली होती?"

उसव्याने कोट टेबलावर पसरला. अस्तर वर केलं, सुरकुत्या काढल्या. मग म्हणाला, "मास्तर, तो मागतो ते जागेचं मागतो. दिलं की संपलं. तुम्हाला दुप्पट दिलं असतं तर तुम्ही तिप्पट मागितलं असतं. मी तिथं बसलोय तोवर तुमचं समाधान होणार नव्हतं. ते भाडं मला कसं पुरं करता येणार?"

मास्तरांनी कोटाकडे पाहिलं. एका कुशीची शिवण उसवलेली होती आणि आतून तीन बोटं माया बाहेर आली होती, न विटलेली, निळीशार, कडेला त्यांचेच हातटाके.

"हा असाच आहे," उसव्या म्हणाला. "एवढीच शिवण उघडली आणि हात थांबला. हल्ली मी जे उसवतो त्यात आत काही नसतंच, दोऱ्यापुरतं कापड असतं. हे मला घालवायचं नव्हतं. मनात म्हटलं, हे ज्याने सोडलंय त्यालाच कळेल किती घ्यायचं. त्याच संध्याकाळी विचारायला वर येणार होतो. तेवढ्यात तुम्हीच खाली आलात."

समोरच्या दुकानातून कुणीतरी हाक मारली तसा तो गेला. कोट टेबलावर राहिला.

मास्तरांनी बाहेर आलेली माया बोटांनी मोजून पाहिली. त्या संध्याकाळी अर्धा जिना चढायला उसव्याला थोडासाच अवकाश मिळाला असता, तर कोट वर आला असता, डॉक्टर वर आले असते, आणि पायाखालचं मशीन पायाखालीच राहिलं असतं. हे सगळं त्यांना स्पष्ट कळत होतं. कळून उसव्यावरचा राग कमी होईल असं कुणालाही वाटेल. तो वाढला. इतकं चांगलं वागायची गरज काय होती त्याला?

पण कोट दुसऱ्याच्या हाती देणं शक्य नव्हतं. मास्तर बसले. दुसरी कूस उसवली, पाठीची मधली शिवण उसवली, डॉक्टरांचं पोट डोळ्यांसमोर आणून माया वाटून घेतली, कच्चा टाका घातला, मग पक्की टीप मारली. दोन दिवस त्यांनी समोर पाहिलं नाही. इस्त्री फिरवल्यावर जुन्या शिवणीची रेघसुद्धा दिसेना. कोट त्यांनी बायकोबरोबर पलीकडे पाठवला. "म्हणावं, डॉक्टरांना कोट घालून इथं पाठव. अंगावर बघितल्याशिवाय मी काम पुरं म्हणत नाही."

डॉक्टर आले ते संध्याकाळी, आणि सरळ समोर गेले. मास्तर गळ्यात टेप घालून दारात येऊन उभे राहिले. त्यांना सगळं दिसत होतं. डॉक्टरांनी कोट चढवला, बटणं लावली, बाजूने वळून पोट पाहिलं आणि ते हसणं रस्ता ओलांडून आलं. "अरे वा! कमाल केलीस!" त्यांनी उसव्याच्या पाठीवर थाप मारली.

"मी नाही," उसव्या म्हणाला. "ते समोर."

"मास्तर? मग मला तिकडे का नाही पाठवलंस?"

"पाठवतच होतो. पण त्यांच्याकडे आरसा नाही."

डॉक्टर वळले. बायकोने स्टुलावरून मान वर केली. दुकानातली दोन-तीन माणसंही वळली. डॉक्टरांनी कोटाच्या दोन्ही बाह्या उंचावून मास्तरांना हात केला. कित्येक महिने मास्तर याच हाताची वाट पाहत होते. आणि नेमकं तेव्हाच, डॉक्टरांच्या खांद्यावरून, त्या लांबलचक आरशात त्यांना आपलं दुकान दिसलं. मागे रिकामं टेबल, आणि दारात एक म्हातारा, मान पुढे काढलेला, ओठ घट्ट आवळलेले, दुसऱ्याच्या ताटात बघावं तसा बघणारा. त्यांना तो ओळखू यायला क्षणभर वेळ लागला. एवढ्या मोठ्या आरशात त्यांनी बऱ्याच दिवसांत स्वतःला पाहिलं नव्हतं.

मास्तरांनी हात वर केला. तो शटरपर्यंत गेला आणि त्यांनी शटर खाली ओढलं.

आत अंधार झाला. त्या अंधारात ते उभे राहिले, टेप गळ्यात तसाच. कान अजून तिखट होते. पत्र्यातून सगळं ऐकू येत होतं.

"अरे, शटर का पाडलं त्यांनी?" डॉक्टर विचारत होते.

"जेवायची वेळ झाली ना त्यांची," बायकोचा आवाज आला. "वेळेच्या बाबतीत ते फार काटेकोर आहेत."

जेवायला अजून बराच अवकाश होता.